टीव्ही डिजिटल झाला. घर सज्ज होते का?

केबल दूरचित्रवाणीच्या डिजिटलीकरणात गोव्याच्या वाट्याला दोन तारखा आल्या. पणजी महानगरपालिका आणि राज्यातील तेरा नगरपालिकांच्या हद्दीत ३१ डिसेंबर २०१५ नंतर ॲनालॉग केबल बंद करावयाची होती. पंचायतींच्या हद्दीतील उर्वरित भागाला अखेरीस ३१ मार्च २०१७ पर्यंत मुदत मिळाली. या दोन्ही तारखा राजपत्रात आल्या, वर्तमानपत्रांत छापल्या गेल्या आणि टीव्हीच्या पडद्यावर सरकत्या पट्टीत दिसल्या. तिसरी तारीख मात्र फारशी कोणाच्या कानी आली नाही. छपरावरच्या अँटेनातून दिसणाऱ्या दूरदर्शनचे ॲनालॉग प्रक्षेपक प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने बंद केले आणि मोक्याच्या ठिकाणचे सुमारे पन्नास वगळता उरलेले सर्व ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे जाहीर केले.

म्हणजे आपल्याकडे ॲनालॉगकडून डिजिटलकडे जाण्याच्या वाटा दोन होत्या. केबलच्या वाटेवर कायदा, मुदत आणि प्रसिद्धी होती. अँटेनाच्या वाटेवर यांपैकी फारसे काही नव्हते. पैसे भरणाऱ्या ग्राहकाला इशारा मिळाला. फुकट दूरदर्शन पाहणाऱ्या प्रेक्षकाला बहुधा पडद्यावरच्या मुंग्यांनीच बातमी दिली. या संपूर्ण स्थित्यंतराकडे घराच्या बाजूने पाहिले, तर सज्जता म्हणजे नेमके काय, ती कोणत्या घरात कमी पडते आणि आजही काय तपासून घ्यावे, हे स्पष्ट होते.

दोन तंत्रांतील फरक

ॲनालॉग प्रक्षेपणात चित्र आणि आवाज सलग बदलणाऱ्या लहरींच्या रूपाने येतात. एका वाहिनीला सात ते आठ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो आणि त्या पट्ट्यात दुसरी वाहिनी बसत नाही. डिजिटल प्रक्षेपणात चित्राचे आकड्यांत रूपांतर होते, अनावश्यक माहिती गाळून ते दाबून लहान केले जाते आणि मग पाठवले जाते. त्यामुळे पूर्वी एक वाहिनी जात होती त्याच पट्ट्यात साध्या दर्जाच्या अनेक वाहिन्या जाऊ शकतात.

प्रेक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक वेगळाच आहे. ॲनालॉग संकेत क्षीण झाला, तर चित्र हळूहळू बिघडते. मुंग्या येतात, सावली पडते, रंग उडतो, पण क्रिकेटचा धावफलक कसाबसा वाचता येतो. डिजिटलमध्ये असे होत नाही. संकेत पुरेसा असेपर्यंत चित्र स्वच्छ असते. तो एका मर्यादेखाली गेला, की चौकटी तुटतात, चित्र गोठते आणि मग पडदा रिकामा होतो. अँटेना हलवून किंवा वायर दाबून काम भागवण्याची सवय असलेल्या पिढीला हा बदल सर्वांत जाचक वाटला. डिजिटलमध्ये जोडणी पक्की असावी लागते. अर्धवट जोडणीला अर्धवट चित्र मिळत नाही.

आणखी एक गैरसमज व्यापक होता आणि आजही पूर्णपणे गेलेला नाही. सपाट पडद्याचा टीव्ही म्हणजे डिजिटल टीव्ही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात भारतात विकल्या गेलेल्या असंख्य एलसीडी आणि एलईडी संचांत केवळ ॲनालॉग ट्यूनर होता. केबलचे डिजिटल संकेत सांकेतिक कुलपात येतात. त्यामुळे नवा संच घेतला तरी सेट-टॉप बॉक्स लागतोच. उलट, पंचवीस वर्षांपूर्वीचा जाड काचेचा संचही बॉक्स जोडून डिजिटल सेवेवर उत्तम चालतो. बदलायचा असतो तो संकेत उलगडणारा भाग; पडदा नव्हे.

बदल कशासाठी झाला

केबलचे डिजिटलीकरण केवळ चांगल्या चित्रासाठी झालेले नाही. त्यामागे हिशेबाचा प्रश्न होता. ॲनालॉग केबलमध्ये एकाच वायरीतून सर्वांच्या घरी सर्व वाहिन्या जात. कोणत्या घरात कोणती वाहिनी पाहिली जाते, हे कळण्याचा मार्ग नव्हता. इतकेच काय, केबलचालकाकडे ग्राहक किती, हेही त्याच्या सांगण्यावरच अवलंबून असे. वाहिन्यांच्या मते ग्राहकसंख्या कमी दाखवली जाई. केबलचालकांच्या मते वाहिन्या मनमानी दर लावत. सरकारला कर कमी मिळे. आणि प्रेक्षकाला न पाहिलेल्या वाहिन्यांचेही पैसे द्यावे लागत.

यावरचा पहिला प्रयोग ‘कॅस’ या नावाने झाला. सशर्त प्रवेश पद्धतीची ही व्यवस्था २००३ मध्ये चेन्नईत सुरू झाली आणि २००६ च्या अखेरीस मुंबई, दिल्ली व कोलकात्याच्या काही निवडक भागांत लागू झाली. सशुल्क वाहिन्यांसाठी तिथे बॉक्स अनिवार्य होता आणि अशा प्रत्येक वाहिनीची कमाल किंमत पाच रुपये ठरवण्यात आली होती. प्रयोग मर्यादित राहिला, पण बॉक्सशिवाय हिशेब लागत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, ऑगस्ट २०१० मध्ये देशभर डिजिटल केबलची शिफारस केली. त्यानंतर केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) कायदा, १९९५ यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि कलम ४-अ नुसार अधिसूचित क्षेत्रात केबलचालकांना वाहिन्या केवळ डिजिटल व सांकेतिक स्वरूपातच दाखवण्याचे बंधन आले. मुदतीनंतर ॲनालॉग संकेत सोडणे हा कायद्याचा भंग ठरला आणि अशा केबलचालकाची सामग्री जप्त करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांसह प्राधिकृत अधिकाऱ्यांना होता.

चार टप्पे आणि मराठी वस्तीची केंद्रे

केंद्र सरकारने देशाचे चार भाग केले. पहिल्या टप्प्यात दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई ही चार महानगरे होती. त्यांची मुदत ३० जून २०१२ होती. तयारी अपुरी असल्याने ती ३१ ऑक्टोबर २०१२ करण्यात आली. मुंबई आणि दिल्लीत बदल झाला. कोलकात्यात राज्य सरकारचा विरोध होता, तर चेन्नईचे प्रकरण न्यायालयात अडकले.

दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरे होती आणि मुदत ३१ मार्च २०१३. महाराष्ट्रातील पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, नाशिक, नागपूर, सोलापूर आणि तेव्हाचे औरंगाबाद ही नऊ शहरे त्यात होती. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणूस राहतो अशा शहरांपैकी इंदूर, वडोदरा आणि हैदराबाद याच टप्प्यात आली.

तिसऱ्या टप्प्यात उरलेले सर्व नागरी क्षेत्र, म्हणजे महानगरपालिका व नगरपालिकांच्या हद्दी होत्या. बेळगाव, ग्वाल्हेर, कोल्हापूर, सावंतवाडी आणि गोव्यातील सर्व पालिका क्षेत्रे यात मोडतात. मूळ मुदत ३० सप्टेंबर २०१४ होती. ती ३१ डिसेंबर २०१५ झाली. चौथ्या टप्प्यात ग्रामीण भारत होता. त्याची मुदत आधी ३१ डिसेंबर २०१४ होती, मग ३१ डिसेंबर २०१६ झाली आणि शेवटी ३१ मार्च २०१७ वर आली. तिसऱ्या टप्प्याच्या मुदतीला अनेक उच्च न्यायालयांत आव्हान दिले गेल्याने काही भागांत तीही २०१७ पर्यंत लांबली.

टप्प्यांची ही आखणी पालिकांच्या हद्दीवर बेतलेली होती, ही बाब गोव्यासाठी विशेष महत्त्वाची ठरली. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची ६२ टक्के लोकसंख्या नागरी आहे. पण या नागरी लोकसंख्येचा मोठा भाग अशा गावांत राहतो, जी जनगणनेच्या व्याख्येने शहरे असली तरी कारभाराने पंचायती आहेत. पर्वरी हे त्याचे ठळक उदाहरण. मांडवी पुलाच्या एका टोकाला पणजीचा ग्राहक तिसऱ्या टप्प्यात, तर दुसऱ्या टोकाला पर्वरीचा ग्राहक चौथ्या टप्प्यात! एकाच कुटुंबातील दोन भावांच्या घरांना वेगवेगळ्या तारखा लागू व्हाव्यात, अशी ही रचना होती. ‘आमच्याकडे अजून वेळ आहे’ हे वाक्य एका गावात खरे आणि शेजारच्या गावात खोटे असे, ते त्यामुळेच.

घराची सज्जता म्हणजे काय

सरकारी अहवालांत सज्जता मोजली गेली ती बसवलेल्या बॉक्सच्या संख्येवरून. घराच्या दृष्टीने ही मोजणी अपुरी आहे. खरी सज्जता चार गोष्टींवर ठरते.

पहिली गोष्ट, घरातील प्रत्येक संच. बॉक्स घराला नव्हे, तर टीव्हीला लागतो. ॲनालॉग केबलच्या काळात एका जोडणीतून वायर फोडून दुसऱ्या खोलीत संच चालवणे सर्रास होते. डिजिटल झाल्यावर दिवाणखान्यातला संच सुरू राहिला आणि आजी-आजोबांच्या खोलीतला बंद पडला, असे अनेक घरांत झाले. कागदोपत्री ते घर सज्ज होते; त्या खोलीतले माणूस मात्र नव्हते. भाड्याने दिलेली खोली, दुकानाच्या कोपऱ्यातला छोटा संच आणि खानावळीतला टीव्ही हेही असेच मोजणीबाहेर राहिलेले संच.

दुसरी गोष्ट, जोडणीचे सुटे भाग. बॉक्समधून टीव्हीकडे चित्र नेण्यासाठी पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या टोकांची वायर किंवा नव्या संचांना एचडीएमआय वायर लागते. खूप जुन्या संचांना अशा वायरीसाठी छिद्रेच नसतात. त्यांना केवळ अँटेनाची जागा असते. अशा वेळी मध्ये आणखी एक लहान उपकरण बसवावे लागते. त्यासाठीचे जादा प्लग, एक्स्टेंशन आणि दुसरा रिमोट हे सारे घराच्या खर्चात आणि सवयीत भर घालतात.

तिसरी गोष्ट, कागद. डिजिटल पद्धतीत प्रत्येक बॉक्स एका नावावर नोंदवावा लागतो. त्यासाठी ग्राहकाने अर्ज भरून हवे ते पॅकेज निवडणे अपेक्षित होते. पहिल्या दोन टप्प्यांत बॉक्स आधी बसले आणि अर्ज मागे राहिले. तेव्हा ‘ट्राय’ला २०१३ मध्ये अर्ज गोळा करण्यासाठी कंपन्यांच्या मागे लागावे लागले आणि अर्ज न भरणाऱ्यांची सेवा खंडित होण्याची वेळ आली. ज्या घरात कागदपत्रांचे काम मुलगा पाहतो आणि तो मुलगा नोकरीसाठी आखातात किंवा बोटीवर असतो, तिथे हा अर्ज नुसती औपचारिकता नसतो.

चौथी गोष्ट, वापर. पूर्वी टीव्ही लावणे म्हणजे एक बटण. आता टीव्हीचा रिमोट वेगळा, बॉक्सचा वेगळा. टीव्ही योग्य इनपुटवर नसेल तर निळा पडदा. वाहिन्यांचे क्रमांक तीन आकडी. तरुणाला दोन मिनिटांत उमगणारी ही गोष्ट वयोवृद्धांना संपूर्णपणे परावलंबी करू शकते. बॉक्स बसवणाऱ्या मुलाने दहा मिनिटे थांबून शिकवले की नाही, यावर त्या घराची सज्जता प्रत्यक्षात ठरत असे.

इतर देशांनी काय केले

जगभरात हा बदल प्रामुख्याने अँटेनावरील प्रक्षेपणाचा होता आणि त्यामुळे तिथल्या सरकारांना फुकट टीव्ही पाहणाऱ्या घरांचा विचार आधी करावा लागला.

अमेरिकेत पूर्ण क्षमतेच्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण १७ फेब्रुवारी २००९ रोजी बंद होणार होते. तेथील सरकारने कन्व्हर्टर बॉक्ससाठी प्रत्येक घराला ४० डॉलरची दोन कूपने देऊ केली होती. जानेवारीत कूपनांचा निधी संपत आला, प्रतीक्षायादी लागली आणि तारीख १२ जून २००९ पर्यंत पुढे ढकलावी लागली. नीलसन या मापन संस्थेच्या पाहणीनुसार जानेवारीच्या मध्यावर सुमारे ६५ लाख घरे पूर्णतः अप्रस्तुत होती. जूनच्या मुदतीच्या तोंडावर हा आकडा सुमारे २८ लाखांवर, म्हणजे अडीच टक्क्यांवर आला. या पाहणीतून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. मागे राहिलेल्यांत वृद्धांचे प्रमाण अधिक असेल, हा अंदाज होता. प्रत्यक्षात पंचावन्न वर्षांवरील कुटुंबप्रमुखांची घरे तरुण कुटुंबप्रमुखांच्या घरांपेक्षा अधिक सज्ज निघाली. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरे मात्र सरासरीपेक्षा मागे होती.

ब्रिटनने देश एकदम न बदलता प्रदेशागणिक बदलला. ऑक्टोबर २००७ मध्ये व्हाइटहेवन या लहान गावापासून सुरुवात झाली आणि २४ ऑक्टोबर २०१२ रोजी उत्तर आयर्लंडमध्ये शेवट झाला. पंचाहत्तर वर्षांवरील नागरिक, अपंग आणि अंध व्यक्ती यांच्यासाठी स्वतंत्र साहाय्य योजना होती. तिच्यात उपकरण देणे, ते घरी येऊन बसवणे, वापर शिकवणे आणि नंतर मदत करणे हे सारे धरलेले होते. बहुतेकांकडून ४० पौंड घेतले जात. उत्पन्नाधारित सरकारी मदत घेणाऱ्यांना ती विनामूल्य होती. जपानने २४ जुलै २०११ ही तारीख पाळली, पण त्याच वर्षीच्या भूकंप व त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना ३१ मार्च २०१२ पर्यंत सवलत दिली.

या तिन्ही उदाहरणांत एक समान धागा आहे. किती घरे तयार नाहीत, हे आधी मोजले गेले. ती घरे कोणाची आहेत, हे ओळखले गेले. आणि तारीख त्या मोजणीपुढे वाकवली गेली किंवा मदत तिथवर नेली गेली. आपल्याकडे केबलच्या मुदती वारंवार पुढे गेल्या, पण त्या बॉक्सच्या तुटवड्यामुळे आणि न्यायालयीन आदेशांमुळे. बॉक्सचा खर्च उचलण्यासाठी ग्राहकाला देशव्यापी अनुदान मिळाले नाही.

अँटेनावाल्या घरांचे काय झाले

दूरदर्शनचा भारतातील प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८० च्या दशकात कमी शक्तीचे शेकडो प्रक्षेपक उभारले गेले आणि टीव्ही जिल्ह्याच्या गावी पोहोचला. कौलारू छपरावर बांबूला बांधलेला ॲल्युमिनियमचा अँटेना ही त्या काळाची खूण. केबल आणि पुढे डीटीएच आल्यावर हे अँटेने कमी होत गेले, पण संपले नाहीत. दरमहा पैसे भरणे शक्य नसलेली किंवा तेवढी गरज न वाटणारी घरे त्यावरच राहिली.

या घरांसाठी जमिनीवरूनच डिजिटल प्रक्षेपण करण्याची योजना होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत ती सुरू केली. त्यांत मुंबई, इंदूर आणि तेव्हाचे औरंगाबाद होते. पणजी, बेळगाव, ग्वाल्हेर, वडोदरा किंवा हैदराबाद त्या यादीत नव्हते. शिवाय हे प्रक्षेपण पाहण्यास वेगळ्या ट्यूनरचा टीव्ही किंवा जोडउपकरण लागे, जे बाजारात सहज मिळत नसे. त्यामुळे ॲनालॉग प्रक्षेपक बंद झाले तेव्हा बहुतांश भारतात अँटेनाच्या जागी दुसरा अँटेना आलाच नाही. पर्याय उरला तो उपग्रहाचा.

हा पर्याय म्हणजे दूरदर्शनची ‘डीडी फ्री डिश’. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ती सुरू झाली. हिला मासिक वर्गणी नाही. एकदा छत्री, बॉक्स आणि बसवण्याची मजुरी यांचा खर्च केला, की दूरदर्शनच्या वाहिन्यांसह अनेक खासगी वाहिन्या विनामूल्य दिसतात. मराठी घरांच्या दृष्टीने ‘सह्याद्री’ तिच्यावर आहे. मार्च २०१९ मध्ये ज्या अकरा राज्यांच्या दूरदर्शन वाहिन्या फ्री डिशवर आणण्याचा निर्णय झाला, त्यांत गोवा हे एक राज्य होते. शालेय इयत्तांसाठीच्या ‘पीएम ई-विद्या’ वाहिन्याही तिच्यावरून दिसतात. २०२० च्या टाळेबंदीत ज्या मुलाच्या घरी स्मार्टफोन नव्हता, त्याच्यासाठी टीव्ही हाच वर्ग होता.

तरीही एक प्रश्न राहतो. अँटेना स्वस्त होता, घरच्या घरी उभारता येत होता. छत्री बसवण्यास माणूस लागतो, मोकळे आकाश लागते आणि एकरकमी पैसे लागतात. रक्कम मोठी नसली, तरी रोजंदारीवरच्या घरात ती दोन-तीन दिवसांची कमाई असू शकते. ब्रिटनच्या धर्तीवर किमान एकाकी वृद्धांच्या घरी जाऊन छत्री बसवून देण्याची योजना इथे असती, तर खर्चही फार आला नसता. पंचायत आणि पालिका पातळीवर हे काम आजही करता येण्यासारखे आहे.

दरमहाचा हिशेब

डिजिटल झाल्यावर ग्राहकाला वाहिन्या निवडण्याचे स्वातंत्र्य मिळेल, हे आश्वासन प्रत्यक्षात येण्यास वेळ लागला. ‘ट्राय’ची नवी दरपद्धती फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. त्यानुसार प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर करणे बंधनकारक झाले आणि जोडणीचे मूळ शुल्क शंभर वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये ठरले. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२० मध्ये त्याच रकमेत २०० वाहिन्या देण्याचा नियम आला आणि घरातील दुसऱ्या टीव्हीसाठी मूळ शुल्काच्या ४० टक्क्यांहून अधिक आकारू नये, असे ठरले. जुलै २०२४ मध्ये ही कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली आणि शुल्क ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. म्हणून आता आपले शुल्क किती, हे नियमावर विसंबून गृहीत धरता येत नाही. ते आपल्या कंपनीच्या जाहीर दरपत्रकातच पाहावे लागते.

दूरदर्शनच्या अधिसूचित वाहिन्या दाखवणे केबलचालकांवर कायद्याने बंधनकारक आहे, हेही ध्यानात ठेवावे. ‘पॅकेजमध्ये नाही’ हे उत्तर त्यांच्या बाबतीत चालत नाही.

आज काय तपासून घ्यावे

ज्यांच्या घरी अद्याप जुना संच आहे, आई-वडील गावी एकटे राहतात किंवा जोडणी बदलण्याचा विचार आहे, त्यांनी पुढील बाबी पाहाव्यात.

• चित्र कोणत्या वाटेने येते, ते आधी ठरवावे. केबल, सशुल्क डीटीएच, फ्री डिश आणि इंटरनेट या चार वेगळ्या वाटा आहेत. एका केबल किंवा डीटीएच कंपनीचा बॉक्स सहसा दुसरीकडे चालत नाही. त्यामुळे जोडणी बदलताना बॉक्सचा खर्च पुन्हा येतो.

• बॉक्स विकत घेतला आहे की भाड्याने, याची पावती मागावी. भाड्याचा असल्यास तो बिघडल्यावर दुरुस्ती कोणाकडे आणि जोडणी सोडताना अनामत परत मिळणार का, हे लेखी असावे.

• जोडणी घरात राहणाऱ्या व्यक्तीच्या नावावर आणि तिच्याच मोबाइल क्रमांकावर नोंदवावी. परदेशी असलेल्या मुलाच्या क्रमांकावर संदेश जात असतील, तर सेवा बंद होण्याची सूचना घरी पोहोचत नाही.

• फ्री डिशची छत्री गोव्यातून आग्नेयेकडे, क्षितिजापासून बऱ्याच उंचावर रोखावी लागते. त्या दिशेला माड, आंबा किंवा शेजारची इमारत नाही, हे आधी पाहावे. उन्हाळ्यात बसवलेली छत्री जूनमध्ये वाढलेल्या झावळ्यांमुळे निकामी होते, हा किनारपट्टीवरचा नेहमीचा प्रकार आहे.

• मुसळधार पावसात उपग्रहाचे चित्र काही काळ जाणे स्वाभाविक आहे. पाऊस ओसरला की ते परत येते. ते परत न आल्यास छत्री वाऱ्याने हलली असण्याची किंवा वायरीच्या टोकात पाणी शिरल्याची शक्यता असते. खाऱ्या हवेत ही टोके लवकर गंजतात. पावसाळ्याआधी ती बदलून त्यांवर जलरोधक पट्टी गुंडाळावी.

• विजांच्या वेळी टीव्ही आणि बॉक्स या दोहोंचे प्लग काढावेत आणि छत्रीची वायरही बॉक्सपासून सोडवावी. केवळ रिमोटने बंद केलेला बॉक्स विजेच्या जोडणीतच असतो.

• नवा टीव्ही घेताना त्यात उपग्रह ट्यूनर आहे का, हे विचारावे. अंगभूत उपग्रह ट्यूनर असलेल्या टीव्हीसाठी भारतीय मानक ब्यूरोने जानेवारी २०२३ मध्ये मानक प्रसिद्ध केले आहे. अशा संचाला छत्री थेट जोडून विनामूल्य वाहिन्या बॉक्सशिवाय पाहता येतात.

• जाड काचेचा जुना संच काढून टाकायचा असेल, तर तो फोडू नये आणि उघड्यावर टाकू नये. त्याच्या काचेत शिसे असते. इलेक्ट्रॉनिक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच तो द्यावा.

• शेवटी, घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीच्या हाती दोन्ही रिमोट देऊन तिला एकटीला टीव्ही लावून बातम्यांपर्यंत पोहोचता येते का, ते पाहावे. लागणारी बटणे रंगीत पट्टीने दाखवावीत आणि नेहमीच्या पाच वाहिन्यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावेत. या कसोटीला उतरलेले घरच खऱ्या अर्थाने सज्ज म्हणावे.

पुढचे स्थित्यंतर

२०११ च्या जनगणनेत देशातील ४७.२ टक्के कुटुंबांकडे टीव्ही होता. त्यानंतरच्या दशकात केबलचे ॲनालॉग गेले, मग अँटेनाचे गेले, आणि आता प्रेक्षक केबल व छत्री सोडून इंटरनेटकडे वळत आहे. हा बदल कोणत्याही राजपत्रातील तारखेने होत नसल्यामुळे त्यात इशाराही मिळत नाही. गावातील केबलचालकाचे ग्राहक घटतात, एके दिवशी तो जोडणी गुंडाळतो आणि ज्या घरात ब्रॉडबँड नाही, त्या घरापुढे तोच जुना प्रश्न नव्याने उभा राहतो.

म्हणून प्रक्षेपणाचे तंत्र बदलताना विचारायचा पहिला प्रश्न ‘किती घरे बदलली’ हा नसून ‘कोणते घर मागे राहिले’ हा असायला हवा. केबलच्या वेळी त्याचे उत्तर अपुरे मिळाले, अँटेनाच्या वेळी तो प्रश्न फारसा कोणी विचारलाही नाही. पुढच्या वेळी तो आधी विचारला जावा, यासाठी पंचायतीच्या एका नोंदवहीत गावातील एकाकी वृद्धांच्या घरी चित्र कोणत्या वाटेने येते, एवढी एक नोंद ठेवली तरी सुरुवात होऊ शकेल.